हे दादाने केलंय

गेल्या डिसेंबरात, एका शनिवारी रात्री साडेअकरा वाजता, मी सातवीतल्या एका मुलीच्या प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला. 1 होता, तिथे 10 लिहिला. लॅपटॉप बंद केला आणि झोपलो. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. आठवडाभर ऑफिसात मी हेच करतो आणि त्याचा पगार घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मुलांच्या प्रोजेक्टांचं लहानसं प्रदर्शन होतं. पाहुण्या म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. फिरत फिरत त्या या मुलीच्या लॅपटॉपपाशी थांबल्या. पडद्यावर खांदेश्वर स्टेशन. लोकल आली, नऊवारीतली आजी प्लॅटफॉर्मवरून तुरुतुरु चालत आली, डब्यात चढली, लोकल सुटली. बाई म्हणाल्या, "अगं, किती छान! हे तू केलंस?"

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सपाट आवाजात सांगितलं, "नाही. हे दादाने केलंय."

सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला. तिच्या प्रोग्रॅममधले ब्लॉक मोजले तर दीडशेच्या वर भरतील, आणि मी त्यातला एक आकडा बदलला होता. हिशेबाने पाहिलं तर ती खोटं बोलत होती. पण मला आत कुठेतरी लगेच कळलं की ती खरं बोलतेय. का, ते मात्र कळायला बरेच महिने गेले. हा लेख त्या महिन्यांबद्दल आहे.

आधी वर्गाबद्दल सांगतो. मी नवीन पनवेलला राहतो. सिडकोने आखलेलं गाव, सेक्टरांचे आकडे हेच पत्ते. रविवारी सकाळी दहा ते साडेबारा मी आठ-दहा मुलांना कोडिंग शिकवतो. फी नाही. लॅपटॉप पाच: एक माझा, बाकीचे ऑफिसातल्या मित्रांनी दिलेले जुने, त्यातल्या एकाची बॅटरी गेलेली असल्याने तो कायम भिंतीजवळ. मुलं अर्धी सोसायटीतली, अर्धी विचुंबे आणि सुकापूरकडून सायकलवर येणारी. आम्ही स्क्रॅच वापरतो. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या गटाने तयार केलेली ही भाषा 2007 पासून सगळ्यांना फुकट मिळते. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं. स्पेलिंग चुकलं, सेमिकोलन राहिला, ही भानगड नाही.

वर्गाचा नियम एकच होता: काय बनवायचं ते तुम्ही ठरवायचं. मी विषय देणार नाही. पहिल्या रविवारी हे सांगितल्यावर मुलं एकमेकांकडे बघत बसली. एकाने विचारलं, "पण दादा, मार्क कशावर?" मार्क नाहीत म्हटल्यावर त्याला माझ्याविषयी शंका आली. मग पहिला महिना सगळ्यांनी बंदुकीचे गेम बनवले. मला वाटत होतं की स्वातंत्र्य दिलं की मुलांच्या आतून काहीतरी अद्भुत बाहेर पडेल. बाहेर पडलं ते मोबाइलवर आधीच असलेलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला मी फार दोष देत नाही. आम्हीही लहानपणी चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी हेच काढायचो, विषय मुक्त असला तरी. गोळ्या झाडून कंटाळा आल्यावर दुसऱ्या महिन्यात एकाने आईच्या भिशीचा हिशेब बनवला, एकाने गणपतीच्या दहा दिवसांचं कॅलेंडर, आणि या मुलीने लोकल.

तिची आजी खांदेश्वरहून मानखुर्दला बहिणीकडे जाते. पनवेलला लोकल सुटायची म्हणून बराच वेळ उभी असते, तिथे आजी आरामात चढेल, मग गोष्टच उरत नाही. म्हणून तिने मुद्दाम खांदेश्वर घेतलं. प्रोग्रॅम असा: लोकल येते, पाच सेकंद थांबते, निघते. आजी एक पाऊल टाकते, जराशी थांबते, पुन्हा एक पाऊल. दाराशी पोचायला तिला वीसेक सेकंद लागायचे. लोकल कधीच निघून गेलेली असायची. तीन रविवार ती यावरच अडली होती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीही आजी प्लॅटफॉर्मवरच होती. मी म्हटलं, पोरीची फजिती नको व्हायला, आणि आजीचं पाऊल दसपट केलं.

प्रदर्शन संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता तिने मला एवढंच सांगितलं, "दादा, माझी आजी एवढी फास्ट नाही चालत."

त्यानंतरचे चार रविवार ती आली नाही.

मला जे कळायला हवं होतं ते हे, की आजी हळू चालते हा तिच्या प्रोग्रॅममधला बग नव्हताच. ती तर वस्तुस्थिती होती. तिचा प्रश्न होता, लोकल आजीसाठी कशी थांबेल? मी लोकल तशीच ठेवली आणि आजीला पळायला लावलं. जे आजीबरोबर रोज खऱ्या स्टेशनवर होतं, तेच.

हे मला न सुचण्याचं एक कारण मी ज्या पद्धतीने शिकलो त्यात आहे, असं मला वाटतं. शाळेत आम्हाला लोगो होतं. चप्पल बाहेर काढून संगणक कक्षात जायचं, एका मशीनवर तिघं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं मशीन सुरू होण्यात जायची. बाकीचं वहीत. "एफडी म्हणजे काय? आरटी म्हणजे काय?" सहामाहीला दोन मार्कांना यायचं. मी एफडी म्हणजे फॉरवर्ड, आरटी म्हणजे राइट टर्न असं सुवाच्य अक्षरात लिहून पूर्ण गुण मिळवायचो. चौकोन काढायच्या चार ओळी पाठ होत्या.

लोगो कुणी आणि कशासाठी बनवली हे मी इंजिनिअर झाल्यावर वाचलं, आणि हसावं की रडावं कळेना. 1967 साली सीमोर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती तयार केली. पेपर्ट गणिती, आधी जिनिव्हात पियाजेबरोबर काम केलेला, मूल स्वतःचं ज्ञान स्वतः कसं बांधतं हे तिथे पाहिलेला. 1980 साली आलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्याची तक्रार साधारण अशी आहे की शाळेत यंत्र मुलाला चालवतं, खरं तर मुलाने यंत्राला चालवायला हवं. लोगोतलं कासव त्यासाठी होतं. मुलाने स्वतःच्या अंगाने विचार करावा: मी असा चाललो, असा वळलो, तर काय आकार होईल? चूक झाली तर ती गुन्हा नव्हे, पुढे कुठे बघायचं याची खूण. त्या कासवाची आम्ही वहीत व्याख्या लिहिली. त्यात शिक्षकांचा दोष काढायला मी धजत नाही. एका मशीनवर तीन मुलं आणि डोक्यावर परीक्षा असताना त्यांनी काय करायला हवं होतं?

पण माझ्या स्वतःच्या दोषाचं एक प्रकरण आहे, ते इथे सांगायलाच हवं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आमच्या चौघांच्या गटाने विकत घेतला होता. असे प्रोजेक्ट मिळतात हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक असतं: कोड, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, वर तोंडी परीक्षेच्या संभाव्य प्रश्नांची यादी. आम्ही प्रत्येकी तीन हजार काढले. चांगले मार्क पडले. परीक्षकांनी विचारलं, "यातला सर्वांत अवघड भाग कोणता होता?" आणि मी यादीतलं उत्तर दिलं. त्या उत्तरात "आम्ही" हा शब्द चार-पाचदा होता. आजही ऑफिसात कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मला क्षणभर त्या खोलीतला पंखा ऐकू येतो. सातवीतल्या मुलीकडे त्या बाईंच्या प्रश्नाला द्यायला असंच एक तयार उत्तर होतं: "हो, मी केलं." तिने ते दिलं नाही. मी दिलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण स्वतःला झोडपत बसणं सोपं असतं. ऑफिसात माझा कोड माझा नसतो. मी लिहितो, सीनियर तो वाचून बदल सुचवतो, कधी तिसराच माणूस तो खोडून नवीन लिहितो. इंटरनेटवरून उचललेले तुकडे असतात. आता तर अर्धंअधिक लिखाण एआय करून देतं. कुणाला काही चोरीला गेल्यासारखं वाटत नाही. मग मुलांच्या बाबतीतच मालकीचा एवढा सोवळेपणा कशाला?

मी बरेच दिवस असं उत्तर दिलं की ऑफिसात वस्तू महत्त्वाची, वर्गात वस्तू दुय्यम. तिथे ग्राहकाला अ‍ॅप चालायला हवं. इथे लोकल चालली काय, न चालली काय, जगाचं काही अडत नाही. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. कारण त्या मुलीचं अडत होतं. तिला तो प्रोग्रॅम चालायलाच हवा होता. "प्रक्रिया महत्त्वाची, निकाल नाही" हे वाक्य मोठ्यांना सुचतं. मुलं निकालासाठीच जीव टाकतात. तिचं दुःख हेच होतं की मी तिला चुकीचा निकाल दिला.

आणि मदत न करण्याचं पापही मी केलेलं आहे. पहिल्याच महिन्यात एक मुलगा होता, आठवीतला, अबोल. त्याच्या गेममध्ये स्कोअर वाढतच नव्हता. मी कुठेतरी वाचलं होतं की मुलांना झगडू द्यावं, उत्तर देऊ नये. मी प्रत्येक रविवारी त्याच्याजवळ जाऊन "काय वाटतं तुला, का होत नसेल?" असं हसून विचारायचो आणि पुढे जायचो. त्याने चुकून जवळजवळ सारख्याच नावाचे दोन व्हेरिएबल केले होते, एक सगळ्यांसाठी आणि एक फक्त त्या चेंडूसाठी. पडद्यावर एक दिसत होता, वाढत दुसराच होता. हे त्याला जन्मात सापडलं नसतं, कारण तो जिथे बघत होता तिथे चूक नव्हतीच. तीन आठवडे मी त्याला शिक्षणशास्त्र पाजत राहिलो. चौथ्या आठवड्यापासून तो आलाच नाही. परवा रिक्षा स्टँडजवळ दिसला, मला ओळखलं, आणि दुसरीकडे बघितलं.

म्हणजे एकाला मी मदत केली नाही म्हणून घालवलं, एकीला केली म्हणून. या दोन्हींत फरक काय होता, हे मांडायला मला माझ्याच धंद्यातला एक जुना लेख उपयोगी पडला. फ्रेड ब्रुक्सने 1986 मध्ये लिहिलं की सॉफ्टवेअरमधल्या अडचणी दोन जातींच्या असतात. काही कामाच्या स्वभावातच असतात, काही आपल्या हत्यारांमुळे येतात. त्याचा रोख वेगळा होता, पण मला ते वर्गात दिसलं. दोन व्हेरिएबलची भानगड ही हत्याराची गाठ. त्या मुलाला चेंडू उडवायचा होता, त्याला स्क्रॅचच्या त्या खिडकीतल्या दोन गोल बटणांशी काही देणंघेणं नव्हतं. ती गाठ मी पहिल्याच मिनिटाला सोडवायला हवी होती. लोकल आजीसाठी थांबणं ही त्या मुलीची स्वतःची गाठ. ती सोडवण्यासाठीच तिने प्रोग्रॅम लिहायला घेतला होता.

सांगायला हे सोपं आहे. रविवारी अकरा वाजता, तीन जण एकदम "दादा, इकडे या" म्हणत असताना, समोरची गाठ कुठल्या जातीची आहे हे ओळखता येत नाही. खूपदा विचारावं लागतं. आता मी विचारतो, "तुला काय व्हायला हवंय?" आधी विचारायचो, "काय चुकतंय?" या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे माझ्या लक्षात यायला एक आजी लागली.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या क्लब हाऊसपुरता नाही. 2007 साली, मी लोगोच्या व्याख्या लिहीत होतो त्याच सुमाराला, आमच्याच रायगड जिल्ह्यात खैराट धनगरवाडा नावाच्या वस्तीवरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत वीस-बावीस मुलांच्या हातात हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला तो पहिला प्रयोग. योजना निकोलस नेग्रोपाँटे यांची, मुळाशी विचार पेपर्टचा. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने आदल्याच वर्षी, 2006 मध्ये, ही कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद ठरवून नाकारली होती. तरी खैराटला प्रयोग झाला. मला हे कॉलेज संपल्यावर कळलं. आम्ही इथे चपला काढून कासवाची व्याख्या लिहीत असताना, कर्जतकडच्या बाजूला धनगरांची मुलं तेच कासव पडद्यावर फिरवत होती. आम्ही स्वतःला शहरातले समजायचो.

त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक खास बटण होतं. ते दाबलं की समोर जे चाललंय त्याच्या आतला कोड दिसावा, अशी कल्पना. मला हे बटण फार आवडतं. चौथीतलं मूल तो कोड वाचून काय करणार, असं कुणीही विचारेल. बहुधा काही नाही. पण हे कुणीतरी माणसाने लिहिलंय, आत जायला दार आहे, एवढं तरी त्याला कळावं. आपल्या हातातल्या फोनला असं दार नाही.

पण नुसतं दार ठेवून भागत नाही, हेही याच योजनेने दाखवलं. पेरू देशाने असे लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक दिसला नाही. यावरून टीकाकारांनी योजनेला मोडीत काढलं. मला वाटतं, गणिताच्या मार्कांनी हे मोजणं म्हणजे पुन्हा वहीत एफडी लिहायला लावणं. आणि तरीही टीकाकारांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. यंत्र देऊन बाजूला होणं म्हणजे त्या अबोल मुलाला "काय वाटतं तुला?" विचारून पुढे जाणंच झालं.

आपल्याकडे या बाबतीत संगणकाच्या कितीतरी आधी कामं झालेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. मुलं शाळेत येत नाहीत हा मुलांमधला बग नाही, असं त्यांना वाटलं असणार. माझ्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आजीला पळवलं नाही, लोकल थांबवली. पण त्या स्वतः तिथे होत्या, वर्षानुवर्षं होत्या, हे त्यातलं विसरायचं नाही. मी रविवारी अडीच तास असतो.

आता पैशाबद्दल. हा भाग लिहायला मला संकोच वाटतो, पण तो टाळून पुढे जाता येणार नाही. एका मुलाचे वडील कळंबोलीला ट्रान्सपोर्टमध्ये आहेत. एकदा मुलाला घ्यायला आले, लोकल बघितली, भिशी बघितली, आणि अगदी आदराने म्हणाले, "सर, हे सगळं छान आहे. पण याचं पुढे होणार काय? नोकरीला उपयोग होईल ना?"

2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये मुलांच्या कोडिंग क्लासच्या जाहिरातींचा पूर आला होता, तो आठवत असेल. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख आली, आणि घरोघर धाक बसला. एका जाहिरातीत तर एका मुलाला कोट्यवधींचं पॅकेज मिळालं होतं, आणि तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने त्या मालिकेतल्या काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. आम्ही इंजिनिअर लोक त्यावर खूप मीम बनवून हसलो. पण हसणारे आम्ही सगळे पगारदार होतो.

माझे वडील एका कारखान्यात होते. मला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा माझी आवड कुणी विचारली नाही, मीही स्वतःला विचारली नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या जोरावर आम्ही वन रूम किचनमधून या सोसायटीत आलो, जिच्या क्लब हाऊसमध्ये बसून मी आता दुसऱ्यांच्या मुलांना सांगतो की मार्क नाहीत, विषय नाही, तुम्हाला हवं ते करा. "आनंदासाठी शिका" हे म्हणायला खाली ठाम जमीन लागते. ती माझ्या पायाखाली आहे, त्या काकांच्या मुलाच्या नाही. मग मी त्याला काय देतोय? दर रविवारी अडीच तास, ज्यात तो त्याऐवजी स्कॉलरशिपचा अभ्यास करू शकला असता.

मी काकांना खरं ते सांगितलं. म्हटलं, "काका, नोकरीचं मी सांगू शकत नाही. हा मोठा होईल तेव्हा कोडिंगची नोकरी कशी असेल हे मलाच माहीत नाही. माझीसुद्धा कशी असेल माहीत नाही." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही तरी खरं बोललात." मुलगा अजून येतो. त्यांना पटलं म्हणून, की रविवारी पोरगं रस्त्यावर नको म्हणून, मी विचारलेलं नाही.

जानेवारीत वर्गात भांडण झालं. नववीतला एक मुलगा पूर्ण तयार गेम घेऊन आला. घरी मोठ्या भावाच्या फोनवर चॅटबॉटला सांगितलं, त्याने जावास्क्रिप्टमध्ये लिहून दिला. गेम सुरेख होता, आमच्या कुणाच्याही गेमपेक्षा चांगला. बाकीची मुलं खवळली. "हा याने केलेलाच नाही! दादा, हे चालणार नाही." तो म्हणाला, "आयडिया माझी आहे. सांगितलं मी त्याला. चुकलं तेव्हा परत मीच सांगितलं." सगळे माझ्याकडे बघू लागले.

निकाल द्यायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादानेपण माझं केलं होतं. तेव्हा चाललं." चार रविवारांनंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा आली होती.

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी खरंच काही बोललो नाही. मुलांनी आपापसात तासभर वाद घातला. कोणता भाग कुणाचा. आयडिया म्हणजे काय. ड्रॉइंग इंटरनेटवरून घेतलं तर ते चालतं का, मग कोड का नाही. भिशीवाल्या मुलाने कबूल केलं की हिशेबाचं सूत्र त्याच्या आईने सांगितलं. स्क्रॅचमध्ये दुसऱ्याचा प्रोजेक्ट घेऊन त्यात बदल करता येतो, त्याला रीमिक्स म्हणतात, आणि तसं केलं की मूळ कर्त्याचं नाव आपोआप येतं, हे मी एवढ्यात सांगून टाकलं. त्यावर एकजण म्हणाला, "पिक्चरमध्ये शेवटी नावं येतात तसं करू."

तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी काळ्या पडद्यावर पाट्या येतात. चॅटबॉटवाल्याच्या गेमला: "कोड: चॅटबॉट. आयडिया: मी. रंग चुकलेले परत सांगितले: मी. जावास्क्रिप्ट कळलं: नाही." ही शेवटची ओळ त्याने स्वतःहून घातली. मग ती पाटी त्याला खुपायला लागली असावी, कारण मार्चमध्ये तो मला त्या कोडमधली एकेक ओळ विचारत बसला. आता तिथे "थोडं" असं आहे.

पाट्यांनी प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही. एका लहान मुलीने पाटीत घरच्या मांजरीचंही नाव घातलंय आणि तिला काढायला सांगायची माझी हिंमत नाही. शिवाय मूल किती प्रामाणिक राहील हे समोर किती मोठं बक्षीस आहे यावर ठरतं, आणि आमच्याकडे बक्षीसच नाही. उद्या याच मुलांना कॉलेजात तो विकतचा प्रोजेक्ट समोर येईल तेव्हा काय होईल, मला माहीत नाही.

लोकलचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत ती पुन्हा त्यावर बसली. तिने आधी असं करून पाहिलं होतं की आजीचा स्पर्श होईपर्यंत लोकलने थांबायचं. पण लोकलचं चित्र लांबलचक, आजी प्लॅटफॉर्मवर जिथे उभी असते तिथेच तिला डबा टेकतो, त्यामुळे लोकलला वाटायचं आजी चढली, आणि ती सुटायची. यावेळी मी शेजारी बसून फक्त विचारलं, "लोकलला कसं कळणार की आजी चढली?" ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजीने सांगायला पाहिजे."

स्क्रॅचमध्ये एक ब्लॉक आहे, एका पात्राने निरोप सोडायचा, दुसऱ्याने तो ऐकून काम करायचं. त्या ब्लॉकचं नाव ब्रॉडकास्ट आहे, एवढं मी सांगितलं. ती हत्याराची गाठ. बाकी तिने केलं. आजी दारात पोचते, आत जाते, आणि निरोप सोडते: "चढले गं बाई." तो ऐकल्यावर लोकल निघते. पाच सेकंदांचं थांबणं तिने काढूनच टाकलं. आमच्या ऑफिसच्या कोडमध्ये सर्व्हर सुरू झाला असेल या आशेवर पाच सेकंद नुसतं थांबणाऱ्या ओळी मला निदान तीन ठिकाणी माहीत आहेत. त्यातली एक मी लिहिलीय.

तिने सगळ्यांना चालवून दाखवलं. आजी तिच्या चालीने चालत गेली, वीस सेकंद, सगळा वर्ग बघत उभा. मग सुकापूरचा तो मुलगा म्हणाला, "पण अशी लोकल असते का कुठे? आजीसाठी थांबणारी? मागच्या गाडीचं काय?" ती म्हणाली, "माझी आहे." तो म्हणाला, "मग खांदेश्वर कशाला लिहिलंस? दुसरं नाव दे." तिने मागे दुसरी लोकल उभी करून दाखवायचं कबूल केलं, आतल्या लोकांच्या तोंडी काय घालायचं यावर त्यांचं जमेना, आणि साडेबाराला लाइट बंद करायला वॉचमनकाका आले तेव्हाही ते दोघं तेच बोलत होते.